इचार करून कळवतो

महाराष्ट्रातल्या एकाही कॉलेजचं पाणी आमच्या साडूंनी चाखायचं ठेवलेलं नाही. मी अलंकारिक बोलत नाही. पाणी म्हणजे पाणीच. नळाचं, माठाचं, व्हरांड्यातल्या कूलरचं, जिथं जे मिळेल ते. तुम्ही कुठल्याही कॉलेजचं नाव घ्या, ते डोळे मिटतात, जीभ टाळूला लावून क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "जड हाय. लेकराले पचनार नाई तिथलं." किंवा, "गोड हाय, पन उन्हायात कमी येते." बाकी तिथे शिकवतात कसं, पुढे नोकऱ्या लागतात की नाही, ही सगळी माहिती त्यांच्याकडे असते, पण ती ते शेवटी सांगतात, आणि तीसुद्धा, एवढं विचारलंच आहे तर सांगतो बापा, अशा सुरात. बारावीचा निकाल लागला की मोताळा तालुक्यातले अर्धे आईबाप त्यांच्या अंगणात येऊन बसतात. उरलेले अर्धे आधी बुलडाण्याला प्रवेशाचा सल्ला विकणाऱ्या कुठल्याशा एसी ऑफिसात जातात आणि मग त्यांच्या अंगणात येऊन बसतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझी मुलगी त्यांना मावसाजी म्हणते. तिचं ऐकून माझ्या कृषी केंद्रात येणारी गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि आता तर त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही बिनदिक्कत मावसाजी म्हणतात. धामणगाव बढ्याला त्यांचं वावर आहे, मुलगी सुरतेला दिलेली. त्यात कपाशी आणि सोयाबीन असतं, आणि दोन्ही पिकं आमच्या ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, धाकात वाढतात. खुद्द मावसाजींचं वावराकडे लक्ष असं कधी नव्हतंच. तरुणपणापासून त्यांना एकच नाद, सोयरिकी जुळवण्याचा. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर टोपी आणि हातात कापडी पिशवी, अशा थाटात ते मलकापूरपासून चिखलीपर्यंत हिंडत आणि कुणाच्या घरी उपवर मुलगी आहे, कुणाच्या घरचा मुलगा तिला शोभेल, याचा ताळा मनातल्या मनात जमवत. ताई म्हणायच्या, "सोताच्या पायात चपला उलट्या घालते हा मानूस, अन् लोकायच्या लेकरायले वाट दाखोते." ते खरंच आहे, चपला त्यांच्या आजही बऱ्याचदा उलट्याच असतात.

सोयरिकीच्या शास्त्रातलं त्यांचं पहिलं कलम असं, की मुलीकडच्यांनी पहिल्या निरोपाला होकार द्यायचा नाही. स्थळ कितीही मनात भरलेलं असो, मुलाचा बाप हात जोडून बसलेला असो, आपण टोपी सारखी करायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "इचार करून कळवतो." हे तीन शब्द त्यांनी इतक्या बैठकांत उच्चारले, की पुढे पुढे ते त्यांच्या तोंडून आपोआप निघू लागले. एकदा दुपारी जेवताना ताईंनी विचारलं, "भाकर वाढू काय अजून?" मावसाजींची तंद्री लागलेली. ते म्हणाले, "इचार करून कळवतो." ताईंनी भाकरीची टोपली उचलली आणि आत नेऊन ठेवली. तो विचार संध्याकाळपर्यंत चालला, आणि मग मावसाजी चुलीजवळ जाऊन मुकाट्यानं होकार देऊन आले.

पुढे जमाना पालटला. मुलामुलींचे फोटो आणि बायोडाटा मोबाइलवर फिरायला लागले, काहींनी तर तेवढाही त्रास घेतला नाही, आपली आपणच ठरवून आईबापांना पत्रिकेवर नाव कसं घालायचं तेवढं विचारलं. मावसाजी घरी बसले. कडुनिंबाखाली बाज टाकून ते दिवसचे दिवस वर पाहत पडून राहायचे, आणि त्यांना काही तरी दुखतं आहे असं वाटून ताई ओवा द्यायच्या. अशात शेजारचा एक बाप विचारायला आला, की पोरगं बारावी झालं, त्याला कुठं घालू? मावसाजी पडल्यापडल्या सवयीनं म्हणाले, "घर पाह्यलं काय?" "कोनाचं घर?" तो बाप गोंधळला. "कॉलेजचं," असं म्हणून मावसाजी उठून बसले. त्यांनी चपला पायात सरकवल्या, पिशवी घेतली आणि ते सरळ एसटी स्टँडवर गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते त्या पोराला एक कॉलेज ठरवूनच.

तेव्हापासून ते कॉलेजांच्या सोयरिकी करतात. भाषा जुनीच ठेवली आहे. कॉलेज म्हणजे स्थळ. प्रवेशाच्या फेऱ्या म्हणजे बैठका. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे सगळं रुखवत. एक भांडं कमी पडलं तरी व्याही तोंड वाकडं करतो. डोनेशन मागणारं कॉलेज म्हणजे हुंडा मागणारं घर, त्याच्या पायरीवरसुद्धा ते टेकत नाहीत. आणि अगदी शेवटची स्पॉट राउंड म्हणजे ऐन मांडवातली सोयरीक, नवरदेव रुसून गेला म्हणून वऱ्हाडातलाच दुसरा पोरगा बोहल्यावर उभा करतात तसली. "अशीबी लगनं टिकतात बापा," असं ते घाबरलेल्या आईबापांना समजावतात. या भाषेपायी घोटाळे व्हायचे ते होतातच. अमडापूरच्या एका मुलीला नागपूरला प्रवेश मिळाला, तेव्हा मावसाजींनी तिच्या आत्याला फोनवर कळवलं, "पोरीची नागपूरले झाली. घरानं मोठं हाय, साडेपाचशे लेकरं हायेत." आत्या दुसऱ्या दिवशी हिरवं लुगडं आणि खणानारळाची ओटी घेऊन हजर झाली, आणि साडेपाचशे लेकरांच्या घरी भाचीला देणाऱ्या भावाला तिनं दारातूनच फैलावर घेतलं.

स्थळ पाहण्याची त्यांची रीत मी एकदा सोबत जाऊन पाहिली आहे. कॉलेजच्या फाटकाशी ते आधी अर्धा तास नुसते उभे राहतात. आत जाणारं-येणारं पोर मान वर करून चालतं की खाली घालून, ते पाहतात. मग पाणी पितात. मग होस्टेलच्या मागच्या बाजूला जातात आणि दोरीवर वाळणारे कपडे पाहतात, कारण दोरीवरून घर कळतं, हे सोयरिकीतलं त्यांचं दुसरं कलम. मग मेसमध्ये वरण खातात. वरणातली डाळ शोधावी लागली की त्या कॉलेजचं नाव कटाप. शेवटी एखाद्या मुलाला धरून विचारतात, "घरी कवा गेल्ता बापू?" ज्याला तारीख पाठ असते तो सुखी नाही, आणि जो डोकं खाजवतो त्याचं बरं चाललं आहे, असा त्यांचा हिशेब. त्या दिवशी ऑफिसातल्या माणसानं त्यांना गुळगुळीत कागदाचं माहितीपुस्तक दिलं. त्यावर झाडाखाली बसून हसणाऱ्या चार मुलामुलींचा फोटो होता. मावसाजींनी तो डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि अदबीनं विचारलं, "साहेब, हे हसून राह्यलेले लेकरं इथलेच हायेत काय?" साहेबांनी पुस्तक परत घेतलं. बाहेर आल्यावर मावसाजी मला म्हणाले, "इकत आनेल हायेत."

लेकराची परीक्षाही ते अशीच घेतात. मार्क विचारत नाहीत. संध्याकाळी उन्हं उतरली की त्या मुलाला किंवा मुलीला घेऊन ते वावराच्या बांधावरून हळूहळू चालत राहतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर कपाशीला फुलं लागलेली असतात, पिवळी फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, त्यामुळे एकाच झाडावर काल आणि आज दोन्ही दिसत असतात. अशा वेळी ते मध्येच विचारतात, "काय करतानी तुले जेवाचं भान राह्यत नाई?" मी पाहिलं आहे, आईबापांसमोर डॉक्टर, इंजिनिअर असं घडाघडा म्हणणारी मुलं तिथं गप्प होतात, आणि मग कुणी म्हणतं, मोटार खोलताना, कुणी म्हणतं, लहान्या भावाला शिकवताना. त्यावर मावसाजी फक्त "हाव काय?" म्हणतात आणि परत फिरतात. परतताना त्यांची चाल तेवढी भरभर होते.

आणि मग बाज. हे सगळं झाल्यावर ते कडुनिंबाखाली बाजेवर पडतात आणि डोळे मिटून कॉलेज पाहतात. आलेल्या लोकांना वाटतं म्हातारा झोपला. पण हलवलं तर ते डोळे न उघडता म्हणतात, "थांब ना बे, पाहून राह्यलो." जिथं एसटी जात नाही तिथली, परराज्यातली कॉलेजं ते याच पद्धतीनं पाहतात, होकार मात्र देत नाहीत. अशा कॉलेजांत नेहमी एक लांब ओसरी असते, तिच्या टोकाला एक आंब्याचं झाड असतं, आणि समोरून नदी वाहते, बारमाही. मी एकदा म्हटलं, "अहो, प्रत्येक कॉलेजसमोर नदी कशी असेल?" ते म्हणाले, "आपल्याइथं उन्हायात नदी कोरडी होते भाऊ. लेकरू जाईन तिथं तं पानी पाह्यजे का नाई?" दुपारचा वारा कडुनिंबातून उतरायचा, निंबोळ्या टप टप पडायच्या, आणि हा माणूस कुणाकुणाच्या लेकरांना घेऊन त्या नदीकाठच्या ओसरीवरून संथ चालत असायचा. खरं सांगू? मला हिशेबाच्या धंद्यात पडलेल्या माणसाला तेव्हा त्याचा हेवा वाटायचा.

माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा मात्र प्रकरण अवघड होतं. तिला बांधावर नेऊन प्रश्न विचारायची गरजच नव्हती, कारण ती काय करताना जेवण विसरते हे साऱ्या मोताळ्याला ठाऊक होतं. ती पाखरं पाहत बसायची. दिव्यावर येतात ती. माझ्या दुकानात कपाशीवरच्या बोंडअळीचे सापळे विकायला असतात. त्यात सापडलेली पाखरं लोक फेकून देतात, ही गोळा करून त्यांची चित्रं काढायची. बापानं औषधं विकून मारायची आणि लेकीनं त्यांची नावं शोधायची, असा आमच्या घरचा कारभार. दक्षिणेत, हैदराबादच्याही पलीकडे, एक संस्था होती, तिथं असल्याच गोष्टींचं शिक्षण मिळायचं. देशभरातून मूठभर मुलं घेत. आधी लेखी, मग मुलाखत. तिला तिथंच जायचं होतं. दुसरं नाव तिनं मनातसुद्धा आणलं नव्हतं, आणि मला त्याचीच धास्ती होती. नाही झालं तर या पोरीचं काय करायचं, हे ना मला सुचत होतं ना तिच्या आईला.

एसटी तिथवर जात नाही. म्हणून मावसाजींनी ती संस्था बाजेवर पडून पाहिली, दोन दुपारी लागोपाठ, आणि उठून म्हणाले, "स्थळ चांगलं हाय. पन पानी नाई पेलो मी तिथलं." पाणी न पिता त्यांनी हो म्हटलेलं हे पहिलंच कॉलेज. मग मुलाखतीची तयारी. त्यांच्या लेखी तो मुलगी पाहण्याचा कार्यक्रमच होता. त्यांनी तिला सांगितलं, "खाली मुंडी घालून बसू नको. अन् एक ध्यानात ठेव, थे इचारतीन तसं आपुनबी त्यायले इचाराव. पोरीवाल्यानं गप बसू नाई." मी कपाळावर हात मारला. पण पोरीनं ऐकलं. मुलाखतीत सगळं विचारून झाल्यावर तिनं त्या विद्वानांना विचारलं, "तुमच्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्यावर कोणकोणती पाखरं येतात?" त्यांच्यात म्हणे यावरून असा वाद जुंपला, की तिला बाहेर जायला सांगायचंच ते विसरले.

इतकं होऊनही पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं. जागा रिकामी झाली तर फोन करू, असं त्यांनी कळवलं. पेरणीचे दिवस, माझा फोन बियाण्यापायी सकाळपासून गरम. म्हणून अर्जात संपर्कासाठी मावसाजींचा नंबर दिला होता. दिवस जाऊ लागले. पोरगी बोलेनाशी झाली. चित्रांची वही तिनं कपाटावर टाकली, आणि सापळ्यातली पाखरं मी फेकून दिली तरी ती काही म्हणाली नाही. मला ते बघवत नव्हतं.

अशातच एका संध्याकाळी मावसाजी अवचित आमच्या घरी आले. कारण काही सांगितलं नाही. "जेवाले आलो," म्हणाले. ओसरीत दिवा लावलेला, त्याच्याभोवती पाखरं. त्यांनी आपणहून पोरीला बोलावलं आणि हे कोणतं, ते कोणतं, असं विचारत राहिले, आणि मुद्दाम चुकीची नावं घेऊन तिला चिडवत राहिले. जेवताना तिच्या ताटातला ठेचा उचलला. ती कितीतरी दिवसांनी भडकली. "मावसाजी, माझा ठेचा ठेवा खाली!" असं ओरडली, तर हे गृहस्थ खदखदा हसले आणि म्हणाले, "भांड, भांड. अजून भांड." आम्हाला वाटलं, पोरीला बरं वाटावं म्हणून आले असतील. रात्री ते तिथंच ओसरीत झोपले, आणि सकाळी चहा घेऊन गावी गेले.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास ते परत येऊन दुकानात उभे. बाहेर बियाण्यासाठी रांग लागलेली. ते रांगेच्या कडेकडेनं आत आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "भाऊ, काल निरोप आला, थ्या स्थळाचा."

"कोणत्या स्थळाचा?"

"पोट्टीच्या. एक जागा खाली झाली म्हने. बाई बोलत होती फोनवर. घेता काय म्हने."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "मग? तुम्ही काय सांगितलं?"

मावसाजींनी घसा खाकरला. "इचार करून कळवतो म्हटलं."

त्यानंतर मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी मुळात तापट, त्यात पेरणीचे दिवस. ओरडण्यातून एवढंच निष्पन्न झालं, की बाईंनी आज संध्याकाळी पाचपर्यंत मुदत दिली होती, नाही तर जागा पुढच्याला. रांगेतले शेतकरी माना लांब करून ऐकू लागले. घर दुकानाच्या मागेच. आवाज ऐकून पोरगी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला आणि तोंड मिटलं. मावसाजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढला.

मुलीकडच्यांनी परत निरोप पाठवायचा म्हणजे खाली पाहणं. उभ्या आयुष्यात त्यांनी ते केलं नव्हतं, कुणाला करू दिलं नव्हतं. त्यांनी नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. मग लागला, आणि मी पाहिलं, फोन कानाला लावून उभ्या असलेल्या त्या माणसानं दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी काढून घेतली.

"हॅलो, बाईजी? हम लडकीवाले बोल रहे हैं. कल जिसका इचार करके कळवते बोला था, वो. हमारा होकार है."

बाईंना होकार कळेना. "होकार! होकार है!" मावसाजी घामाघूम. रांगेतून एक जण ओरडला, "हां म्हना ना, हां!" दुसरा म्हणाला, "मंजूर म्हना!" "हां बाईजी, मंजूर! आपका घर हमको पसंद है. कल मैंनेच उगा ताठा किया. उसमें लडकी की कुछ गलती नहीं. लडकी को तुमारे यहाँ आनाच है. बहुत मन है उसका." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फाटला. मग त्या बाई हसल्याचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, आणि त्या म्हणाल्या, "अंकल, लडकी को फोन दीजिए." पोरीनं फोन घेतला आणि ती एकच शब्द बोलली, "येस." बाकीचं कागदपत्रांचं दुकानाच्याच कॉम्प्युटरवर पाचच्या आत झालं. रांगेतल्या लोकांनी बियाणं तसंच सोडून आधी एकमेकांना गूळ वाटला.

संध्याकाळी त्यांना एसटीपर्यंत पोचवायला मी सोबत गेलो. राग गेला होता, पण कोडं सुटलं नव्हतं. मी विचारलं, "मावसाजी, ठीक आहे, बाईंना मान दाखवला. पण आम्हाला का नाही सांगितलं? रात्रभर आमच्या घरी होतात."

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चपला उलट्याच होत्या.

"ताठा नोता भाऊ थो," ते म्हणाले. "फोन आला तवा मी वावराच्या मेरवर उभा होतो. हो म्हनाले तोंड उघडलं, अन् आमची पोरगी आठोली. तिले पाहाले सुरतवाले आले, तवा पोह्याची बशी हातात असतानीच मी हो म्हनून टाकलं. एवढ्या जगाले शिकोलं, अन् सोताच्या पोरीच्या येळेले घाई केली. लगन तं मंग दिवाळीनंतर झालं. पन दुसऱ्या दिसापासूनच थे घरात पावनी झाली. तिची माय तिले साय वाढे, कामाले हात लावू नाई दे. दोघी मायलेकी रोज भांडत, थे भांडनबी बंद. सुखी हाय थे, काई म्हननं नाई. पन होकार देल्ला ना भाऊ, का लेकरू आपल्याच घरात पावनं होते. म्हनून म्हटलं, एक रात तं राहू द्या हिले घरची. तुमालेबी. सकायी चहा देतानी हसली थे, अन् मंग तवाबी सांगनं नाई झालं."

एसटी आली. मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. इतकी वर्षं मी त्या तीन शब्दांना मानपानाचा डाव समजत होतो.

पोरीला पोचवायला आम्ही तिघं गेलो, ती, मी आणि पाठराखीण म्हणून मावसाजी. अकोल्याहून गाडी धरली. गाव मागे पडलं तशी काळी माती लाल होत गेली, आणि मावसाजी खिडकीतून ते सगळं, पूर्वी पाहिलेलंच पुन्हा पाहावं, तसे निवांत पाहत होते. संस्थेत लांब ओसरी होती. टोकाला झाड होतं, आंब्याचं नव्हे, चिंचेचं. नदी काही नव्हती. मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "असन मांगं कुठं तरी." ते फाटकाशी उभे राहिले नाहीत, दोरीवरचे कपडे पाहायला गेले नाहीत. ऊन रणरणत होतं. तिथल्या एका मुलीनं ट्रेमधून पाण्याचे ग्लास आणले. ज्या माणसानं साऱ्या महाराष्ट्राच्या कॉलेजांचं पाणी चाखलं, त्यानं त्या ग्लासापुढे हात जोडले.

"प्या ना मावसाजी," पोरगी म्हणाली. "इथलंच तर प्यायचं राहिलं होतं."

"आता कसं पेऊ माय?" ते म्हणाले. "लेक देल्ली इथं. दिल्या घरचं पानी बापानं पेवाव नाई. पानी कसं हाय थे आता तूच सांगजो."

मी ओठांपर्यंत नेलेला ग्लास खाली ठेवला. फाटकाबाहेरच्या टपरीवर येऊन आम्ही दोघं तांब्याभर पाणी प्यालो, एकमेकांकडे न पाहता.

दर रविवारी तिचा फोन येतो. मावसाजी त्या वेळी बरोबर आमच्या ओसरीत असतात. अभ्यासाचं, जेवणाचं सगळं आम्ही विचारून झालं की ते फोन घेतात आणि एकच प्रश्न विचारतात, "पानी गोड लागते काय तिथलं?" पलीकडे ती टोपी सारखी केल्यासारखी थांबते, घसा खाकरते आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणते, "इचार करून कळवतो." मग हा म्हातारा हसत सुटतो, दुपट्ट्यानं डोळे पुसतो आणि पुढचा आठवडाभर अंगणात येणाऱ्या आईबापांना ते सांगत बसतो. दिवाळीला ती आली. अंगानं भरली आहे, रंग उजळला आहे, बोलताना तिकडच्या पाखरांची नावं तोंडात आपोआप येतात. तिची आई तिला साय वाढत होती आणि ताट उचलू देत नव्हती. पाणी तिला मानवलं आहे, हे आम्हा सगळ्यांना दिसतं. मावसाजींनाही दिसत असणार. पण तसं म्हटलं की ते मान हलवतात आणि म्हणतात, होकार अजून आलेला नाही.